राक्षसाला लावलेलं कुंकू

मंचरच्या बाजारात लसणाच्या ढिगाला लागून एक पथारीवाला सीडी विकायला बसायचा. घरोघर टीव्हीखाली ते चपटं यंत्र येऊन बसलं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. लसूण निवडता निवडता मी सहज मान वळवली आणि हात तसाच राहिला. एका कव्हरावर पुरुषाचं तोंड, मधोमध चिरलेलं. डाव्या अर्ध्यात चष्मा, भांग आणि सज्जनपणा. उजव्या अर्ध्यात अस्वलाचे केस आणि बाहेर आलेला सुळा. खाली एक भिजलेली बाई. त्या बाईचा कथेशी काडीचा संबंध नाही हे मी खात्रीनं सांगू शकते, कारण त्या सिनेमात मीसुद्धा आहे.

‘एका सीडीत तीन पिक्चर, मावशी,’ पथारीवाला म्हणाला. मग माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून त्यानं घाईनं कव्हर पालथं घातलं. ‘तुमाला देवाची देऊ का? अष्टविनायकाची हाय.’

‘देवाची घरी हाय. हीच दे.’

त्यानं ती काळ्या पिशवीत घालून दिली. बाकी सगळ्यांना पांढऱ्या पिशव्या देत होता.

मी आयुष्यात फार सिनेमे पाहिले नाहीत, पण वाईट ओळखायला फार पाहावे लागतही नाहीत. हा सिनेमा असा: एक डॉक्टर असतो. दिवसा गोरगरिबांना फुकट औषध देतो आणि प्रत्येक वाक्यानंतर आभाळाकडे बघतो. मग तो एका काचेच्या नळीतून हिरवं औषध पितो, जमिनीवर लोळतो आणि राक्षस होऊन उठतो. एका माणसाच्या आत दोन माणसं, एक भला आणि एक बुरा, अशी ही मूळ परदेशातली जुनी आणि म्हणे फार थोर गोष्ट. सिनेमा निघाला तेव्हा माझी मुलगी जुन्नरला कॉलेजात होती. तिनं ती पुस्तकात वाचली होती. ती म्हणाली, ‘आई, मूळ गोष्टीत एकसुद्धा आंघोळ नाहीये गं.’ सिनेमात पाच होत्या. आमच्याकडे एसटी कधी येईल हे खुद्द कंडक्टरला सांगता येत नसे, पण ह्या राक्षसाला गावातल्या प्रत्येक बाईच्या आंघोळीची वेळ मिनिटावर ठाऊक. बुरा माणूस म्हणजे काय, तर न्हाणीच्या पडद्यामागून बघणारा. एवढ्यासाठी औषध कशाला प्यायला हवं होतं? आमच्या आळीत दोघं-तिघं बिनऔषधाचे होते.

असो. हा कचरा आमच्या गावात शिजला आणि त्याला फोडणी घालायला मी पुढे होते, हे आता लिहून टाकते.

आमचं गाव डिंभ्याच्या खाली, घोड नदीच्या काठाला. धरणाच्या कामावरच्या एका कंत्राटदारानं सोडून दिलेला बंगला गावाबाहेर ओस पडला होता. फिल्लमवाले आधी वर आहुप्याला गेले होते. त्यांना तिथली देवराई हवी होती, राक्षस पळवायला. तिथल्या लोकांनी सांगितलं, ह्या राईतली वाळकी काटकीसुद्धा आम्ही घरी नेत नाही, तुम्ही तुमचा राक्षस दुसरीकडे न्या. तेव्हा ते उतरून आमच्याकडे आले. आमच्या गावानं दोन दिवसांत बंगला झाडून दिला. फरक हा असा.

मी तेव्हा पंचेचाळिशीला आले होते आणि अक्कल अजून यायची होती. दोन गोष्टी डोक्यात शिरल्या होत्या. पहिली म्हणजे ग्रामपंचायत. बायकांसाठी राखीव जागा निघाल्या होत्या आणि आमच्या वॉर्डाची जागा बाईची झाली. आमच्या मालकांना उभं राहायचं होतं, ते राहता येईना, म्हणून त्यांनी मला उभं करायचं ठरवलं. ‘तुला काय करायचं नाय,’ ते म्हणाले, ‘नुसतं नाव तुझं.’ मला मात्र आतून ते खरंच हवं होतं. नळाची तोटी आमच्या आळीच्या तोंडापर्यंत येऊन थांबली होती, ती पुढं न्यायची होती. पण हे मी कुणाला बोलले नव्हते.

दुसरी गोष्ट माझा आवाज. देवानं मला आवाज दिला तो दोन गावांना पुरेल असा. वळणावर एसटी थांबवायची तर लोक हात करत, मी हाक मारायचे. नदीपलीकडे शेतात असलेल्या माणसाला मी ह्या काठावरून जेवायला बोलावायचे. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणायचे, भांडी घासता घासता म्हणत, ‘हळू बोल बाई, धरणाला तडा जाईल.’ टीव्हीवरच्या हिंदी मालिकांतल्या बायका कशा किनऱ्या, दमल्यासारख्या बोलतात! पंचायतीत जायचं तर असं सुधारलेलं बोलायला हवं, असं माझ्या मनानं घेतलं. पाहुणे आले की मी आवाज चिमटीत धरून ‘बसा ना’ म्हणायचे. आत्या लगेच आतून विचारत, ‘घसा बसला का गं?’

शूटिंगला गावातल्या दहा बायका हव्या होत्या. मी सर्वांत आधी हजर. मोतिया रंगाची भारीतली साडी, पावडर, मुलीच्या डबीतली लिपस्टिक. दिग्दर्शकानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, ‘ये कौन है? गाँव की औरत चाहिए.’ मग एका पोरगेल्या रंगाऱ्यानं माझ्या तोंडाला काजळी फासली, साडीला माती लावली आणि केस विस्कटले. मी गावातली बाई, आणि मला गावातल्या बाईसारखं दिसायला दोन तास लागले.

‘हमारे डॉक्टरसाब पे दवा का असर होगा,’ दिग्दर्शक आम्हाला समजावू लागला. हातात सिगारेट, पोटावर कॅमेऱ्याचा पट्टा, अंगावर एवढे खिसे की कशात काय आहे हे त्यालाच सापडत नव्हतं. ‘वो तड़पेंगे, गिरेंगे, कुछ और बन जाएँगे. आप लोग देखेंगी. बस. समझ गईं?’

आम्ही माना डोलावल्या. पुढं काय करायचं ते त्यानं सांगितलं नाही. राक्षस बघून माणूस पळणारच, हे सांगायची काय गरज, असं त्याला वाटलं असणार.

दिवसाढवळ्या कॅमेऱ्याच्या काचेला निळा कागद लावून ते रात्र करत होते. हिरो आला. त्यानं नळीतलं हिरवं औषध घेतलं. औषध म्हणजे खसचं सरबत. पेठेतल्या किराणावाल्या शेठजींच्या दुकानातून त्याच्या सहा बाटल्या नेल्या होत्या. शेठजी मला नंतर म्हणाले, ‘वहिनी, माझं सरबत पिऊन आजवर कुणी राक्षस झालेला नाय, गावात तसं सांगा.’ तर हिरो ते प्यायला, गळा धरला, गुडघ्यावर आला, घुमू लागला. मान गरगर फिरवली. तोंडाला साबणाचा फेस. कॅमेरा थांबवून रंगाऱ्यानं त्याला केस आणि सुळे चिकटवले, डोळ्यांत पांढऱ्या काचा घातल्या, आणि तो पुन्हा घुमायला लागला.

आता आमच्याकडची रीत सांगते. एखाद्याच्या अंगात वारं आलं की त्याच्यापुढून पळायचं नाही. पळालं की अपमान होतो आणि आलेला रागावतो. उलट पुढं व्हायचं, पायावर पाणी घालायचं, कुंकू लावायचं आणि पदर पसरून विचारायचं, ‘कोण आलंय? काय मागणं हाय?’ लहानपणापासून हे इतक्यांदा केलेलं की अंगवळणीच पडलेलं. तो माणूस मुंबईचा, सरबत शेठजींचं, सुळे रबराचे, हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर झालं होतं. तरी तो घुमायला लागला, मान फिरली, आणि माझे पाय आपसूक पुढं गेले. अक्कल पायात नसते, पण माझी तेव्हा डोक्यातही नव्हती.

‘पाणी आणा गं!’ मी ओरडले. ध्वनिवाल्यानं कानावरचं यंत्र फेकून दिलं. माझ्याबरोबर आलेल्या जाऊबाईंनी चहावाल्याचा तांब्या उचलून राक्षसाच्या पायावर ओतला. मी कमरेच्या पिशवीतली कुंकवाची डबी काढली आणि त्याच्या केसाळ कपाळाला बोटभर कुंकू लावलं. ‘कोण हाईस बाबा? कुठनं आलास? शांत हो. काय पायजे तुला?’

हिरोच्या डोळ्यांत काचा. त्याला काही दिसत नव्हतं. हे सिनेमातलंच आहे असं समजून तो गुरगुरला.

‘बोलला!’ जाऊबाई म्हणाल्या आणि त्याच्या पायाशी बसल्या. ‘देवा, आमची म्हस तीन वर्सं झाली गाबन ऱ्हात न्हाई. कवा ऱ्हाईल?’

राक्षस दोनदा गुरगुरला.

‘दोन म्हयन्यांनी म्हनतोय,’ मागून कुणीतरी अर्थ लावला.

दिग्दर्शक ‘कट’ म्हणायचं विसरला होता. मग एकदम नाचायलाच लागला. ‘क्या बात है! रखो, यही रखो!’ ध्वनिवाला कान चोळत म्हणाला, ‘इस औरत का डब करना पड़ेगा.’ डब म्हणजे काय हे मी एका मुंबईच्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, ‘तुमच्या तोंडाला दुसरीचा गोड आवाज लावणार.’

शहाण्या बाईला ह्याचा राग आला असता. मला गुदगुल्या झाल्या. पडद्यावर मी, आणि आवाज मालिकेतल्या बाईचा! घरी येऊन मी एकच बदल केला. दुसरीचा आवाज म्हटलं नाही. ‘यंत्रातून काढतात,’ मी सगळ्या आळीला सांगितलं, ‘पण आवाज माझाच. नुसता गाळून घेतात.’ नळावर सांगितलं, गिरणीत सांगितलं, एसटीत सांगितलं, आणि माझं सांगणं म्हणजे पुढच्या गावालाही ऐकू गेलं. जुन्नरला मुलीच्या वसतिगृहावर जाऊन तिच्या मैत्रिणींना सांगून आले. ‘सामाजिक फिल्लम आहे,’ असंही सांगितलं. ‘डॉक्टरवर आहे.’ आत्या एवढंच म्हणाल्या, ‘गाळलेला आवाज म्हंजी कसला गं? चोथा कुठं जातो?’

सात-आठ महिने त्या सिनेमाचा पत्ता नव्हता. आणि आला तो नेमका आमच्या जत्रेत, मतदान तोंडावर असताना. समोरच्या गटानं, म्हणजे माझ्याविरुद्ध ज्यांनी आपल्या भावजयीला उभं केलं होतं त्यांनी, तंबू सिनेमावाल्याला सांगून तो मुद्दाम मागवला होता. त्यांनी तो आधी कुठंतरी बघितला असणार. गावाला पहिला खेळ फुकट. तंबूच्या तोंडाशी त्यांचा पुढारी हात जोडून उभा. ‘या वहिनी, तुमचंच पिक्चर हाय. पुढं बसा.’

आणि मी पुढं बसले! नवी साडी नेसून. दिवेलागण झाली होती, तंबूत मधे दोरी, एकीकडे पुरुष, एकीकडे बायका. माझ्या शेजारी आत्या, पलीकडे जाऊबाई. मालक दोरीपलीकडे मिशीला पीळ देत.

पहिली आंघोळ झाली. मालकांचा हात मिशीवरून खाली आला. दुसरी झाली. पुरुषांकडून शिट्ट्या. बायकांनी तोंडाला पदर लावले. मी तोपर्यंतही म्हणत होते, ‘पुढं डॉक्टरचं येतंय.’ अशी मी. आत्या मात्र पदर वगैरे न लावता शांत बघत होत्या. तिसऱ्या आंघोळीला म्हणाल्या, ‘ह्या गावात पाणी लई दिसतंय. आमच्या आळीत काय नळ येईना.’

मग आमचा बंगला आला. पडद्यावर काळी रात्र, आणि त्या रात्रीत आमच्या कोंबड्या दाणे टिपत फिरताहेत. लोक ओळखून हसले. हिरो सरबत प्यायला, घुमला, राक्षस झाला. आणि मी आले. काजळी फासलेली, केस पिंजारलेले, राक्षसाच्या अंगावर वाकून त्याच्या कपाळाला कुंकू लावणारी. माझं तोंड उघडलं आणि त्यातून एक किनरा, चिकट, सुस्कारे टाकणारा आवाज आला:

‘हाय, हमारा भी इलाज कर दो ना, डॉक्टर बाबू!’

तंबू फुटला. टोप्या उडाल्या. दोरीपलीकडून कुणीतरी ओरडलं, ‘वहिनी, आमचा बी विलाज करा!’ आणि समोरच्या गटाचा पुढारी उठून मोठ्यानं म्हणाला, ‘मंडळी, आवाज वहिनींचाच हाय बरं का. त्यांनीच सांगितलंय. गाळून घेतलाय!’

काय बोलणार? मीच तर गावभर पेरलं होतं. नाही म्हणावं तर खोटारडी, हो म्हणावं तर त्याहून वाईट. एरवी नदीपार जाणारा माझा आवाज त्या क्षणी ओठाबाहेर पडेना. पंचायत गेली, नळ गेला, मुलीच्या वसतिगृहापर्यंत आता हे जाणार, हे सगळं एकदम दिसलं. मी काय केलं असेल? धैर्यानं उठून उभी राहिले असेन, असं नातींना वाटतं. मी खाली वाकले, तंबूची कनात उचलली आणि रांगत बाहेर निघाले. अर्धी बाहेर, अर्धी आत, अशी असताना नवी साडी खुंटीला अडकली. म्हणून पुढचं ऐकायला मिळालं.

आत्या उठल्या होत्या. सत्तरीला टेकलेली, नऊवारीतली, पाच फुटांची बाई. सिनेमा करू नको म्हणणारी, आणि पंचायतीचं नाव काढलं की ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणणारी.

‘ए, बंद कर रं ते,’ त्या यंत्रवाल्याला म्हणाल्या. त्यानं केलं. ‘ह्यो आवाज माझ्या सुनंचा? पंचवीस वर्सं झाली, ती माझ्या कानाशी वरडतीया. माझा डावा कान तिनं नेला. आन् तुमी मला सांगता, ती अशी मांजरीवानी बोलती? तुमच्यातल्या कुणी ऐकली न्हाई तिची हाक? हात वर करा बरं.’

एकही हात वर गेला नाही.

‘खोटं सांगितलं तिनं. याड लागलं व्हतं तिला, टीवीतल्या बायांगत बोलायचं. पर तोंड तिचं हाय आन् बोलनं दुसरीचं हाय, येवढं कळंना व्हय तुमाला?’

मागून एक म्हातारा म्हणाला, ‘खरंय. तिच्या आवाजानं पडदा फाटला असता राव.’ आणि आता तंबू हसला तो वेगळा. मग जाऊबाई उठल्या. ‘मी व्हते तिथं. तिनं इचारलं, कोण हाईस बाबा. येवढंच. आन् मी म्हशीचं इचारलं.’

‘म्हस ऱ्हायली का?’ कुणीतरी पुरुषांतून विचारलं.

‘ऱ्हायली की. दोन म्हयन्यांनीच.’

तो पुढारी खाली वाकून आपली उडालेली टोपी शोधायला लागला. आत्यांनी कनातीशी येऊन माझी साडी खुंटीतून सोडवली. माझ्या पाठीत एक धपका घातला आणि म्हणाल्या, ‘निघ आता. आक्खी निघ.’

मी निवडून आले. माझ्या गुणांनी नाही. गावाला माझी कीव आली असेल, किंवा म्हशीमुळे असेल.

पहिल्या ग्रामसभेला मालक इस्त्रीचा सदरा घालून आले आणि माझ्याशेजारी बसले. ग्रामसेवकानं वही उघडली. ‘आमच्या मंडळींचं म्हणणं असं आहे,’ मालक सुरू झाले, ‘की आधी चावडीपुढं फरशी व्हावी.’ सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि मी मान डोलवत होते. तोंड माझं जरासं उघडं. फरशीचं मला कधी स्वप्नातही आलं नव्हतं. दाराशी आत्या बसल्या होत्या. त्या मालकांकडे बघत नव्हत्या, माझ्या उघड्या तोंडाकडे बघत होत्या, तंबूत पडद्याकडे बघितलं होतं तशा.

‘फरशी नको,’ मी म्हणाले. ‘आळीच्या तोंडाशी नळ थांबलाय, तो आत यायला पायजे. आधी ते लिवा.’

वळचणीची पारवळं उडाली. मालकांनी कान धरला. ग्रामसेवकाच्या हातातलं पेन वहीवर घरंगळलं. ‘बाई, जरा हळू,’ तो म्हणाला, ‘आणि हे कुणाचं म्हणणं म्हणून लिहू? तुमचं की साहेबांचं?’

मी तोंड उघडायच्या आत दारातून उत्तर आलं.

‘तिचंच हाय,’ आत्या उजवा कान पुढं करून म्हणाल्या. ‘ह्यो तिचाच आवाज. लिव.’